सायनिंग की टेराफॉर्ममधून बनवायची का?

रात्रपाळी: सायनिंग की टेराफॉर्ममधून (क्लाउडवरच्या गोष्टी कोड लिहून उभ्या करायचं टूल) बनवायची का, यावरून आमच्या टीममध्ये रोज वाजतंय म्हणून विचारतो. माझं मत असं की नेटवर्क, बकेट (क्लाउडवरची साठवण), रोल (कोणाला काय हक्क) सगळं कोडमध्ये असू दे, पण सॉफ्टवेअरच्या रिलीजवर डिजिटल सही करणारी की कोडमधून जन्माला घालायची नाही. टीएलएस_प्रायव्हेट_की रिसोर्स वापरला की अख्खी प्रायव्हेट की स्टेट फाइलमध्ये (काय काय बनवलं त्याची टेराफॉर्मची नोंद) साध्या मजकुरात पडते, आणि लोक सेन्सिटिव्ह = ट्रू लिहून निवांत होतात! त्याने फक्त स्क्रीनवर दिसायची थांबते हो, स्टेटमध्ये आहे तशीच असते. वर स्टेट ठेवलेल्या बकेटला व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपणं) चालू असलं तर रिसोर्स नंतर काढला तरी जुन्या व्हर्जनमध्ये की बसलेलीच.

प्लॅन_अप्लाय: अजिबात पटलं नाही. रिसोर्स चुकीचा निवडला आणि खापर कोडवर का? केएमएसमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे एडब्ल्यूएसची, की सांभाळणारी सेवा) असिमेट्रिक की, म्हणजे प्रायव्हेट-पब्लिक जोडी, बनवा, प्रायव्हेट भाग तिथून उघडा बाहेर येतच नाही, स्टेटमध्ये काय तर एआरएन (कीचा पत्ता) आणि पॉलिसी (कोणाला काय करता येईल ते नियम). आपण फाइलचा हॅश (छोटा ठसा) पाठवायचा, सही परत येते. कन्सोलवर क्लिक करून बनवलेल्या कीला सहीचा हक्क कोणाला का दिला, हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

जुना_सिसॲडमिन: आणि डिस्ट्रॉयचं काय, टेराफॉर्मने कीच उडवली तर? एडब्ल्यूएसवर पुसण्याआधी 7 ते 30 दिवसांची मुदत मिळते, ठीक आहे, पण डिलीट शेड्यूल झालं की त्या क्षणापासून सही बंद, म्हणजे रिलीज अडकलाच. गूगल क्लाउडवर तर डिस्ट्रॉय केलं की की नावापुरती उरते, तिची सगळी व्हर्जन्स मोडीत निघतात. प्रिव्हेंट_डिस्ट्रॉय (उडवू नको सांगणारी कोडमधली ओळ) लावलंय म्हणू नका, कोणी कोडमधला अख्खा ब्लॉकच उडवला तर तो नियमही ब्लॉकसोबत गेला.

प्लॅन_अप्लाय: म्हणूनच की वेगळ्या अकाउंटमध्ये, वेगळ्या स्टेटमध्ये ठेवायची आणि पाइपलाइनच्या (कोड आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) रोलला शेड्यूल-की-डिलीशन, म्हणजे की पुसायचा हक्क, सरळ डिनाय. यात अवघड काय आहे? हाताने करणाऱ्यांनी 2023 चं मायक्रोसॉफ्टचं प्रकरण वाचा. हल्लेखोरांच्या हातात 2016 ची सायनिंग की होती, तिने खोटी लॉगिन टोकन बनवून लोकांचे ईमेल वाचले. ती की इतकी वर्षं जिवंत का राहिली, तर रोटेशन (जुनी की बदलून नवी आणणं) हाताने व्हायचं, त्यातून एकदा मोठं आउटेज झालं आणि 2021 मध्ये ते थांबवलंच.

रात्रपाळी: रोटेशनचा मुद्दा मान्य, पण केएमएससुद्धा असिमेट्रिक की आपोआप फिरवत नाही. नवीन की बनवा, एलिअस (कीचं टोपणनाव) तिकडे वळवा, जुनी पब्लिक की व्हेरिफाय करणाऱ्यांसाठी ठेवा, हे सगळं आपल्यालाच करायचंय. मग की दोघांच्या समोर हाताने बनवून पॉलिसी तेवढी केएमएस_की_पॉलिसी रिसोर्सने कोडमधून लावली तर बिघडलं कुठे? डिस्ट्रॉयची भीतीही गेली, रिव्ह्यूही होतो.

ओआयडीसी_वाली: तुम्ही दोघं कुलपावरून भांडताय आणि दार उघडं आहे. गिटहब ॲक्शन्सचा (पाइपलाइन चालवणाऱ्या सेवेचा) रोल बघा आधी. ट्रस्ट पॉलिसीमध्ये (रोल कोणी घ्यायचा ते नियम) सब कंडिशनला (विनंती कुठल्या रेपोवरून, ब्रांचवरून आली ती अट) संस्थेचं नाव आणि पुढे स्टार असलं, की त्या संस्थेच्या कुठल्याही रेपोच्या कुठल्याही ब्रांचवरून तो रोल घेता येतो. की एचएसएममध्ये (की जपणाऱ्या हार्डवेअरमध्ये) सुरक्षित, आणि सही हवी त्या फाइलवर! रेपो आणि ब्रांच पूर्ण लिहा, नाहीतर गिटहबच्या एन्व्हायर्नमेंटला बांधा.

नवखा42: ओपनटोफू (टेराफॉर्मचा ओपन सोर्स भाऊ) 1.7 पासून स्टेट एन्क्रिप्ट होते ना, मग स्टेटमध्ये की पडते हा पहिला मुद्दा निकालात?

रात्रपाळी: डिस्कवरची स्टेट झाकली जाते, पण ज्या रनरला (पाइपलाइन चालवणाऱ्या मशीनला) प्लॅन चालवायचाय त्याला ती उघडावीच लागते. रनर फुटला की की गेली. टेराफॉर्म 1.10 चे इफेमरल (तात्पुरते) रिसोर्स त्यापेक्षा बरे, ते स्टेटमध्ये लिहिलेच जात नाहीत.

जुना_सिसॲडमिन: बरं, पॉलिसी कोडमध्ये म्हणताय तर पुट-की-पॉलिसीचा, म्हणजे कीची पॉलिसी बदलायचा, हक्क पाइपलाइनला द्यावाच लागणार. म्हणजे मेन ब्रांचमध्ये मर्ज करू शकणारा कोणीही स्वतःला सहीचा हक्क लिहून घेऊ शकतो. तुमच्याकडे त्या एका फाइलला वेगळा रिव्ह्यूअर आहे का?

प्लॅन_अप्लाय: कोडओनर्समध्ये (कुठली फाइल कोणी तपासायची ती गिटहबची यादी) सिक्युरिटीचे दोघं आहेत.

जुना_सिसॲडमिन: आणि कोडओनर्सची फाइल कोण बदलू शकतं?