'स्विफ्टबोटिंग'ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेतील निवडणुकांवरील एका लेखाचा मराठी अनुवाद तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यात तीन ठिकाणी मी अडखळलो. २०२४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असलेले टिम वॉल्झ ह्यांच्याविषयीच्या एका वाक्याचा अनुवाद 'विरोधकांनी वॉल्झ ह्यांना वेगवान नौकेत बसवले' असा केलेला आहे. मूळ क्रियापद 'स्विफ्टबोट करणे' हे होते. पुढे बिल क्लिंटन ह्यांना 'मसुदा टाळणारा' म्हटले आहे, म्हणजे 'ड्राफ्ट डॉजर'मधला ड्राफ्ट (सैन्यातली सक्तीची भरती) सरकारी कागद समजला गेला आहे. २००४ मधले राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी ह्यांच्यासाठी वापरलेला 'व्हेटरन' हा शब्द 'व्हिएतनामचे ज्येष्ठ' असा उतरला आहे. हसून झाल्यावर मी स्वतः पर्याय शोधू लागलो, तेव्हा मलाही नेमके शब्द सुचेनात. 'चिखलफेक', 'लष्करी सेवा टाळणारा' आणि 'माजी सैनिक' एवढ्यावर माझी गाडी थांबली आहे. ह्यांपैकी कोणता शब्द टिकेल आणि कोणता बदलावा, ह्याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद: सुरुंग, पण कोणाच्या हाताने?

'चिखलफेक' हा शब्द फार सैल आहे. चिखल कोणावरही, कोणत्याही कारणाने फेकता येतो. 'स्विफ्टबोट करणे' ह्या क्रियापदाचा जन्म एका ठरावीक प्रसंगातून झाला आणि त्याचा अर्थ त्या प्रसंगाला अजून घट्ट चिकटून आहे, म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

स्विफ्ट बोट ही व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलाने वापरलेली, सुमारे पन्नास फूट लांबीची ॲल्युमिनियमची गस्ती नौका होती. तिच्यावर एक अधिकारी आणि पाच खलाशी असत. केरी ह्यांनी १९६९ च्या सुरुवातीच्या महिन्यांत अशा नौका दक्षिण व्हिएतनामच्या नद्यांमध्ये आणि कालव्यांमध्ये नेल्या, आणि तेथून ते एक सिल्व्हर स्टार, एक ब्रॉन्झ स्टार आणि तीन पर्पल हार्ट ही पदके घेऊन परतले. (पर्पल हार्टला आपली वृत्तपत्रे सर्रास शौर्यपदक म्हणतात, ते चूक आहे. शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला किंवा मारल्या गेलेल्याला ते मिळते. आपल्याकडचे पराक्रम पदक त्याच्या जवळचे.) परतल्यावर मात्र ते युद्धविरोधी चळवळीत गेले आणि एप्रिल १९७१ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीसमोर त्यांनी युद्धाविरुद्ध साक्ष दिली. बऱ्याच सहकारी सैनिकांना ही साक्ष विश्वासघात वाटली आणि तो राग तेहतीस वर्षे धुमसत राहिला.

२००४ च्या जुलैमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या बॉस्टनच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना केरी ह्यांनी व्यासपीठावरून सलाम ठोकला आणि 'कामगिरीवर हजर आहे' अशा अर्थाचे लष्करी वाक्य उच्चारले. म्हणजे आपला बालेकिल्ला कोणता, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने जाहीर केले. ऑगस्टमध्ये स्विफ्ट बोटींवरच्या काही माजी नौसैनिकांच्या गटाने दूरचित्रवाणीवर जाहिरात दिली की केरी ह्यांनी आपली पदके खोटेपणाने मिळवली आहेत. ती जाहिरात आरंभी तीनच राज्यांत विकत घेतलेल्या वेळेत लागली होती, पण बातम्यांनी ती देशभर पुन्हा पुन्हा दाखवली, आणि केरी ह्यांनी जाहीरपणे उलट वार करण्यास सुमारे दोन आठवडे लावले.

आता ह्यातली मेख पाहा. नौदलाची कागदपत्रे केरी ह्यांच्या बाजूने होती. त्यांच्या स्वतःच्या नौकांवरील खलाशांपैकी एक वगळता जवळजवळ सर्व जण त्यांच्यासोबत प्रचारात होते, तर आरोप करणारे बहुतेक जण दुसऱ्या नौकांवरचे होते. १३ मार्च १९६९ रोजी पाण्यात पडलेल्या एका अधिकाऱ्याला केरी ह्यांनी वर ओढून घेतले, तेव्हा शत्रूचा गोळीबार चालूच नव्हता, असा एक मुख्य आरोप होता. परंतु त्या दिवशी शेजारच्या नौकेचे नेतृत्व करणाऱ्या आणि हाच आरोप करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच प्रसंगासाठी मिळालेल्या ब्रॉन्झ स्टारच्या प्रशस्तिपत्रात शत्रूच्या गोळीबाराचा स्पष्ट उल्लेख निघाला. एवढे होऊनही शंका रुजायची ती रुजलीच. महिनाअखेरीस न्यूयॉर्कमधील रिपब्लिकन अधिवेशनात काही प्रतिनिधी पर्पल हार्टची थट्टा म्हणून जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांवर जांभळे हृदय छापून त्या अंगावर मिरवत होते. नोव्हेंबरमध्ये केरी निर्वाचक मंडळातील २५१ विरुद्ध २८६ मतांनी हरले. हा पराभव एकट्या जाहिरातीमुळे झाला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

म्हणून ह्या क्रियापदात तीन गोष्टी एकत्र येतात: माणसाच्या दुबळ्या बाजूवर न होता त्याच्या सर्वांत भक्कम बाजूवर झालेला हल्ला, तो करणारे त्याच क्षेत्रातले 'आम्ही तेथे होतो' म्हणणारे लोक, आणि आरोपाचा खोटेपणा. पहिल्या गोष्टीसाठी आपल्याकडे 'बालेकिल्ल्याला सुरुंग लावणे' हा प्रयोग तयार आहे, आणि 'वर्मावर घाव' हा नेमका त्याच्या उलट असल्याने येथे तो चालणार नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी 'घरचा आहेर' आहे, पण त्यात आहेर खरा असतो, म्हणजे टीका रास्त असल्याचे ध्वनित होते. ह्या दोन्हींची मोट बांधणारा एक शब्द मला दिसत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात 'शौर्याच्या बालेकिल्ल्यालाच खोटा सुरुंग लावणे' असे उलगडून सांगावे आणि पुढे 'स्विफ्टबोटिंग' तसेच ठेवावे, हे मला बरे वाटते.

प्रतिसाद: चुकवणे आणि टाळणे

वरील विवेचन पटले, परंतु 'ड्राफ्ट डॉजर'ची गोष्ट तितकीच नाजूक आहे. 'भरती' हा शब्द मराठी कानाला मुळातच उलटा लागतो. आपल्याकडे सैन्यभरती असो वा पोलीस भरती, मुले पहाटे उठून मैदानावर धावतात ती भरतीत निवड व्हावी म्हणून. 'त्यांनी भरती टाळली' हे वाक्य गावाकडच्या वाचकाला समजणारच नाही. त्यामुळे 'सक्तीची भरती' हे जोडपद पहिल्यांदा तरी पूर्ण लिहावे लागेल.

राहिला 'डॉजर'. 'करचुकवेगिरी'च्या वळणावर 'भरतीचुकवेगिरी' आणि 'भरतीचुकवा' हे शब्द सहज तयार होतात, आणि 'कामचुकार'शी असलेले त्यांचे नाते मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. मात्र चुकवेगिरीत लबाडीचा आणि बहुधा कायदेभंगाचा वास आहे. ज्यांच्यावर हा शिक्का बसला त्यांपैकी बऱ्याच जणांनी कायद्यानेच दिलेली वाट धरली होती. डोनाल्ड ट्रम्प ह्यांना भरतीतून पाच वेळा सवलत मिळाली, चार वेळा शिक्षणासाठी आणि शेवटी १९६८ मध्ये टाचेचे हाड वाढल्याच्या वैद्यकीय कारणासाठी. क्लिंटन ह्यांनी विद्यापीठातील अधिकारी-प्रशिक्षण तुकडीत जाण्याचे कबूल केले आणि नंतर ते तिकडे गेले नाहीत. भरतीचा क्रम जन्मतारखांवरून ठरवणाऱ्या डिसेंबर १९६९ च्या सोडतीत त्यांच्या जन्मतारखेला ३११ वा क्रमांक आला, त्यामुळे बोलावणे येण्याची शक्यताच उरली नाही, आणि दोनच दिवसांनी त्यांनी तेथील कर्नलला सक्तीच्या भरतीपासून वाचवल्याबद्दल आभाराचे पत्र लिहिले. हेच पत्र १९९२ च्या प्रचारात बाहेर आले. कर वाचवणारा आणि कर चुकवणारा ह्यांत जसा आपण भेद करतो, तसा येथेही करावा: विरोधकांच्या तोंडचा शब्द असेल तर 'भरतीचुकवा', लेखकाच्या स्वतःच्या विधानात 'भरती टाळली'.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळी, १८६३ च्या कायद्यानुसार, स्वतःऐवजी दुसरा माणूस पैसे देऊन पाठवता येत असे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्रोव्हर क्लीव्हलँड ह्यांनी दीडशे डॉलर देऊन एका पोलिश स्थलांतरिताला पाठवले. ह्या माणसासाठी 'पर्यायी सैनिक' असा कोरडा शब्द छापलेला पाहिला आहे. मुंबईच्या गिरण्यांनी आपल्याला 'बदली कामगार' हा जिवंत शब्द दिलेला असताना 'बदली सैनिक' का म्हणू नये? १८८४ च्या निवडणुकीत क्लीव्हलँड ह्यांच्यावर ह्यावरून टीका झाली, पण प्रतिस्पर्धी ब्लेन ह्यांनीही बदली दिलेलीच होती, त्यामुळे ती फार पुढे गेली नाही.

प्रतिसाद: खोटेपणाची अट

'खोटा सुरुंग' ह्यातील 'खोटा' ह्या विशेषणावर माझा आक्षेप आहे. आता ज्या उमेदवाराच्या सेवेविषयी कोणी प्रश्न विचारतो, त्याचे समर्थक लगेच 'हे स्विफ्टबोटिंग आहे' असे ओरडतात, आणि अशा रीतीने शब्दच ढाल बनतो. वॉल्झ ह्यांचे उदाहरण घ्या. नॅशनल गार्ड ह्या राखीव सैन्यदलात त्यांनी २४ वर्षे सेवा केली, हे निर्विवाद आहे. परंतु युद्धात आपण शस्त्र बाळगल्याचे २०१८ मधील त्यांचे विधान चुकीचे होते, कारण ते प्रत्यक्ष लढाईत कधी गेले नव्हते, आणि बोलताना चूक झाली असे प्रचारयंत्रणेला सांगावे लागले. एवढा भाग खरा होता. २००५ मध्ये ते निवृत्त झाले आणि नंतर त्यांची तुकडी इराकला गेली, ह्यावरून त्यांना पळपुटे ठरवणे हा ताणलेला भाग होता. एकाच हल्ल्यात दोन्ही होते. त्यांच्यावर 'शौर्यचोरी'चा, म्हणजे न केलेल्या लष्करी पराक्रमाचे श्रेय लाटण्याचा, आरोप झाला, तोही शब्द मला खटकतो. कधी सैन्यात न गेलेला माणूस गणवेश आणि पदके घालून फिरला, तर त्याच्यासाठी आपला 'तोतया' पुरेसा आहे. ज्याने सेवा केली आणि तिला थोडी फुगवून सांगितले, तो तोतया नव्हे, बढाईखोर फार तर.

प्रतिसाद: मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा आभारी आहे. 'भरतीचुकवा' आणि 'बदली सैनिक' हे दोन्ही शब्द मी घेतले. खोटेपणाच्या अटीविषयी मात्र मी पहिल्या प्रतिसादाच्या बाजूने आहे. समर्थक शब्दाचा गैरवापर करतात म्हणून त्याचा अर्थ पातळ करू नये. वॉल्झ ह्यांच्या वाक्यात लेखकाने तो शब्द वापरला आहे, तर तो समर्थकांचा शब्द आहे हे वाक्यातच दिसले पाहिजे.

'व्हेटरन'विषयी कोणी लिहिले नाही, म्हणून माझा निर्णय सांगतो. 'निवृत्त' म्हटले की पेन्शन डोळ्यांसमोर येते, आणि चार वर्षांहून कमी काळ प्रत्यक्ष नौदलात काढलेल्या केरी ह्यांना ते लागू पडत नाही. 'युद्धवीर' ह्यात लढाई गृहीत धरलेली आहे, तर अमेरिकेत गोळीचा आवाजही न ऐकलेला माणूस व्हेटरनच असतो. तेव्हा केरी 'माजी नौदल अधिकारी', वॉल्झ 'माजी सैनिक'. अडलेले वाक्य आता असे झाले आहे: 'वॉल्झ ह्यांच्या समर्थकांच्या मते, २००४ मध्ये केरी ह्यांच्या शौर्याच्या बालेकिल्ल्याला जसा खोटा सुरुंग लावला गेला, तसाच प्रकार येथे चालू होता.' मूळ वाक्य सहा शब्दांचे होते. संपादकांनी लांबीविषयी तक्रार केली, तर वेगवान नौका त्यांना दाखवण्यासाठी जपून ठेवली आहे.