चॅटबॉटचं 'टेंपरेचर': तापमान, लहर की आणखी काही?

शेवगा:
ग्राहकसेवेचे चॅटबॉट तयार करायचं एक पान मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. त्यात 'पर्सनॅलिटी' या मथळ्याखाली 'टेंपरेचर' असा एक स्लायडर आहे, 0 ते 2. आधीच्या अनुवादकाने सरळ 'तापमान' लिहून ठेवलंय. चाचणीला बसवलेल्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "हे 2 वर नेलं तर मशीन गरम होईल का?" मी 'लहर' सुचवलं. तपासनिसांनी शेरा मारला: अशास्त्रीय. शुक्रवारी पान द्यायचंय. काय करू?

दशांश:
तापमानच ठेवा. शब्द उगाच आलेला नाही, बोल्ट्झमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या वायूंच्या गणितातून आलाय. मॉडेल, म्हणजे बॉटच्या पोटातला वाक्यं जुळवणारा प्रोग्राम, पुढच्या प्रत्येक संभाव्य शब्दाला एक गुण देतं. त्या गुणाला तापमानाने भागायचं, ई या संख्येचा (सुमारे 2.718) तेवढा घात काढायचा आणि सगळ्यांची टक्केवारी करायची. समजा वाक्य आहे "आज पावसाने..." आणि पुढचे उमेदवार 'हजेरी', 'दडी' आणि 'गंमत'. गुण 2, 1 आणि 0. तापमान 1 असेल तर 'हजेरी'ला 67 टक्के, 'गंमत'ला 9. तापमान 0.5 केलं की 'हजेरी' 87 वर जाते आणि 'गंमत' 2 च्या खाली. तेच तापमान 2 केलं तर 'हजेरी' 51 वर उतरते आणि 'गंमत' 19 च्या आसपास येते. थंड असताना बॉट वर्तमानपत्रासारखा बोलतो, तापला की भरकटतो. वायूचे कणही तेच करतात.

शेवगा:
गणित पोचलं. पण हे पान हार्डवेअरच्या दुकानदाराने उघडायचंय, वायूच्या कणांनी नाही.

गवतीचहा:
'तापमान'मध्ये वाईट काय आहे? तापट माणूस आपण म्हणतोच की. डोकं तापतं, ताप देतो, तापून बोलतो. इंग्रजीतला 'टेंपर'सुद्धा आपल्या 'तप्'मधूनच गेलेला असणार.

पोथीबंद:
नाही हो. 'तप्'चं लॅटिन भावंड म्हणजे 'टेपिड', कोमट. 'टेंपरेचर' आणि 'टेंपरामेंट' हे दोन्ही 'टेंपेरारे'पासून, म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणे. अंगातले चार रस कोणत्या प्रमाणात मिसळलेत त्यावर माणसाचा स्वभाव ठरतो, अशी तिकडच्या जुन्या वैद्यकाची समजूत. आपल्याकडे वात-पित्त-कफ. तेव्हा खरा प्रतिशब्द 'प्रकृती'.

शेवगा:
"बॉटची प्रकृती 0.7." लोक भेटायला फळं घेऊन येतील.

दशांश:
शिवाय प्रकृती म्हटलं की अख्खा स्वभावच आला. या स्लायडरने स्वभाव बदलतच नाही, फक्त निवड सैल किंवा घट्ट होते. बॉट नम्र की खवचट हे ठरतं मॉडेलच्या शिकवणीतून आणि त्याला आधी दिलेल्या सूचनांतून. 'पर्सनॅलिटी'खाली हा स्लायडर ठेवणाऱ्यानेच घोळ घातलाय. 'यादृच्छिकता' लिहा, म्हणजे रँडमनेस, आणि मोकळे व्हा.

गवतीचहा:
'यादृच्छिकता' मला एका दमात वाचता येत नाही, दुकानदाराचं सोडाच.

पोथीबंद:
वाचता येत नाही म्हणून शब्द टाकायचा तर उद्या 'संभाव्यता'ही जाईल. 'प्राचल'ला लोक हसायचे, आता संख्याशास्त्राची पोरं सर्रास वापरतात.

जुनीडिस्क:
आमच्या कॉलेजात सगळे 'पॅरामीटर'च म्हणत. असो. स्वभाव आकड्यांत मांडायची हौस नवी नाही. 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या वायझेनबाउमने एलायझा या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामचं वर्णन छापलं. तिच्यात आकडे नावापुरते, कोणत्या शब्दाला आधी पकडायचं एवढा क्रम लावण्यासाठी. बाकी सगळा भर नियमांवर: वाक्य तोडा, 'मी'चं 'तुम्ही' करा, प्रश्न बनवून परत द्या. या नियमांच्या फायलीला तो 'स्क्रिप्ट' म्हणे आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या स्क्रिप्टचं नाव होतं 'डॉक्टर'. पुढे स्टॅनफर्डच्या कोल्बीने पॅरी बनवला, संशयाने पछाडलेला रुग्ण. त्याच्या पोटात मात्र चल, म्हणजे बदलते आकडे होते: भीती, राग, अविश्वास. तुम्ही टोचून बोललात की आकडा चढायचा, नीट बोलत राहिलात की हळूहळू उतरायचा, आणि त्या आकड्यांवरून उत्तर निवडलं जायचं. 1972 मध्ये आर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणकजाळ्यावरून, या दोघांची गाठ घालून दिली होती. डॉक्टर प्रश्नावर प्रश्न विचारतोय आणि रुग्ण वैतागतोय. मला विचाराल तर पॅरीला स्वभाव होता, एलायझाला फक्त सवय होती.

गवतीचहा:
'सवय' छान! पण स्क्रिप्टला मराठीत काय म्हणायचं? आमच्याकडे एका अनुवादयंत्राने 'लिपी' केलं होतं. "बॉटची लिपी बदला." एकाने खरंच विचारलं, मोडी चालेल का.

पोथीबंद:
संहिता. नाटकवाल्यांचा चालू शब्द आहे.

जुनीडिस्क:
संहिता म्हटलं की मला आचारसंहिता आठवते आणि दंडसंहिता. स्क्रिप्टच बरं. आणि एलायझाची मराठी नक्कल करून बघा, मग स्वभावाच्या आधी व्याकरण रडवतं. विद्यार्थ्यांनी केली होती. कुणी लिहिलं, "मी वैतागलोय." प्रोग्रामने 'मी'च्या जागी 'तुम्ही' घातलं आणि विचारलं, "तुम्ही वैतागलोय असं का वाटतं?" क्रियापद तसंच. इंग्रजीत दोन-चार शब्द बदलून भागतं, इथे वाक्याचं शेपूटही फिरवावं लागतं.

शेवगा:
हे माझ्या पानावरही आहे! बॉटने "तपासून सांगतो" म्हणायचं की "सांगते"? इंग्रजी पानावर हा पर्यायच नाही, मराठीत पहिल्या वाक्यातच बॉटचं लिंग फुटतं.

दशांश:
'सांगेन' म्हणा. भविष्यकाळात भेद नाही. 'तपासलं'मध्येही नाही.

गवतीचहा:
आणि "आलो"/"आले"चं काय? "बघतो"/"बघते"? दर वेळी वळसा घालत बसलात की शेवटी "कळविण्यात येईल" यावर येऊन टेकाल. नम्र बॉट हवा होता, तहसील कार्यालय मिळालं.

पोथीबंद:
कर्मणी प्रयोगात नम्रता नाही असं कोण म्हणतं? पूर्वीची पत्रं बघा.

गवतीचहा:
पूर्वीच्या पत्रांना परतावा मागायला गिऱ्हाईक येत नसे.

रंकाळा:
मध्येच बोलतो म्हणून रागावू नका. आमच्या कोल्हापुरात बायकाही "मी आलो", "मी सांगतो" म्हणतात. माझी बहीण पुण्यात नोकरीला लागली तेव्हा हापिसात सगळे तिला दुरुस्त करायचे. तेव्हा 'सांगतो' म्हणणारा बॉट आमच्या गिऱ्हाइकाला बाईही वाटेल, बुवाही वाटेल. प्रश्नच मिटला.

पोथीबंद:
ते बोलीपुरतं. प्रमाणभाषेत चालणार नाही.

रंकाळा:
बॉट दुकानात बसणार की साहित्य संमेलनात?

पोथीबंद:
प्रश्न शुद्धतेचा आहे. आणि वर कुणीच म्हणालं नाही म्हणून सांगतो: पान मराठीत जाईल तेव्हा मथळ्यात 'व्यक्तिमत्त्व' असेल तर दोन त हवेत. व्यक्तिमत् अधिक त्व. क्ति पहिली.

दशांश:
'स्वभाव' लिहिलं तर दोन्ही भानगडी नाहीत. बॉट व्यक्ती कुठे आहे?

पोथीबंद:
मग स्वभाव तरी कसा असेल? स्व कुठे आहे?

जुनीडिस्क:
दगडाचाही स्वभाव असतो की. पाण्याचा असतो. उताराकडे वाहणं.

गवतीचहा:
हे तर तापमान कमी असलेला बॉट झाला. दर वेळी 'हजेरी'च लावणार.

शेवगा:
अहो, शुक्रवार उद्या आहे.

रंकाळा:
ताई, 'मोकळेपणा' कसं वाटतं? शून्याला मोजूनमापून, दोनला मोकळंढाकळं.

पोथीबंद:
मोकळेपणा म्हणजे मनात काही न ठेवणं. अर्थ पार वेगळा.

रंकाळा:
आमच्याकडे मोकळा म्हणजे सैलही. केस मोकळे, बैल मोकळा.

पोथीबंद:
बैल मोकळा म्हणजे सुटलेला. सैल नव्हे.