गूगल शीट्स एपीआय: शीट माझीच, तरी ४०३ का?

प्रश्न: सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट आहे, पायथन स्क्रिप्टने त्यात पेमेंटच्या नोंदी टाकायच्यात. सर्व्हिस अकाउंट (स्क्रिप्टसाठीचं वेगळं गूगल खातं) बनवलं, त्याची जेसन की (लॉगिनची गुप्त फाइल) डाउनलोड केली, एपीआय (प्रोग्रामने शीट वापरायची सोय) पण एनेबल केलंय, तरी ४०३ एरर येतोय, म्हणतो कॉलरला, म्हणजे शीट मागणाऱ्याला, परमिशन नाही. अहो शीटचा ओनर मीच आहे ना!

खटपट्या: तुम्ही ओनर असाल हो, पण शीट उघडतंय ते सर्व्हिस अकाउंट, आणि गूगलच्या लेखी तो वेगळाच माणूस. जेसन फाइलमध्ये क्लायंट ईमेल म्हणून एक लांबलचक पत्ता असतो, तो कॉपी करा आणि शीटच्या शेअर बटणात जाऊन एडिटर म्हणून ॲड करा, कोडला हात लावू नका.

प्रश्नकर्ता: वाचता येतंय आता! पण लिहायला गेलं की परत ४०३.

निशाचर: मेसेज नीट वाचा, सगळे ४०३ सारखे नसतात. स्कोप (स्क्रिप्टने मागितलेले अधिकार) अपुरे म्हणत असेल तर कोडमधल्या स्कोपच्या शेवटचं ‘रीडओन्ली’ काढा, परमिशनच म्हणत असेल तर शेअर करताना व्ह्यूअर राहिलंय. आणि वैतागून ‘एनीवन विथ लिंक’ला एडिटर देऊ नका, थकबाकीवाले स्वतःच आकडे सुधारतील 😄

प्रश्नकर्ता: स्कोपच निघाला, धन्यवाद!

खटपट्या: ती जेसन की गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) चढवू नका फक्त.