शब्दचर्चा: अर्धवट पिकलेल्या बेरीला काय म्हणायचं? गाभुळलेली, गदरलेली की पाडाला आलेली?

ओउलू, फिनलंडहून (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी, आमचं घर ओउलूच्या कडेला आहे, मागच्या दारातून बाहेर पडलं की लगेच पाइनचं जंगल, आणि बर्फ वितळला की त्या जमिनीवर काय काय उगवायला लागतं ते रोज बघत राहणं हा माझा आणि लेकीचा उद्योग. ती घरी मराठीच बोलते त्यामुळे बघताना जे दिसेल ते मराठीत सांगायचं असतं आणि तिथे मी अडते.

नावांचं काही नाही, मुस्तिक्काला (इथल्या जंगलातली काळीनिळी बेरी) आम्ही मुस्तिक्काच म्हणतो. सुपरमार्केटमधली ब्लूबेरी ती ही नव्हे, ती आतून पांढरट असते, ही आतूनही जांभळी, जीभ-दात-बोटं सगळं रंगवते. अडतं ते मधल्या अवस्थांना. मे-जूनमध्ये मुस्तिक्काला बारकी गुलाबी-हिरवी फुलं येतात, उलट्या मडक्यासारखी, पानाच्या बेचक्यात एकेकटी, भुंगे त्याच्यात तोंड घालून लटकतात. मग हिरवी गोळी, मग तिला लालसर झाक, मग जुलैच्या शेवटी काळीनिळी. त्या लालसर अवस्थेला काय म्हणायचं? मी "गाभुळली" म्हणते. माझ्या आईने फोनवर ऐकलं आणि म्हणाली चिंच गाभुळते गं, बाकी काही गाभुळत नाही. बरोबर आहे का?

रत्नागिरीहून

आई बरोबर सांगतायत. चिंचेचं टरफल आतल्या गरापासून सुटायला लागतं, वाजवलं तर आत हलतं, पण गर अजून हिरवट-आंबट असतो, ती गाभुळलेली चिंच. म्हणजे नुसतं अर्धं पिकणं नाही, सुटणं त्यात आहे. आंब्याला आम्ही पाड लागला म्हणतो, झाडावरचं पहिलं फळ पिकायला लागलं की पाड. करवंदांना असा वेगळा शब्द आमच्या घरात तरी नाही, लाल झाली की "अजून चिकाची आहेत, खाऊ नको" एवढंच सांगतात.

नागपूरहून

आमच्याकडे पेरू गदरतो, बोरंही गदरतात. पूर्ण पिकलेलं नाही पण कच्चंही नाही, दाताला अजून टणक लागतं आणि खायला तेच जास्त आवडतं. ताई, तुमच्या लालसर मुस्तिक्काला गदरलेली म्हणा की, कानाला छान लागतं.

ओउलूहून

गदरलेली! हा शब्द मी विसरूनच गेले होते. पण रत्नागिरीकर दादांनी जे सुटण्याचं सांगितलं त्यावरून मला हिल्ला (क्लाउडबेरी) आठवली, आणि मला वाटतं गाभुळणं तिलाच लागू पडेल. हिल्ला दलदलीत येते, दक्षिणेकडे तिला लाक्का म्हणतात, फिनलंडच्या 2 युरोच्या नाण्यावर आहे ती हीच. एका देठाला एकच पांढरं फूल आणि नर झाड वेगळं मादी वेगळं, पपईचं असतं तसं, त्यामुळे नुसतं पांढरं शेत बघून हुरळून जायचं नाही, त्यातली किती मादी ते बघायचं, आणि फुलं असताना कडाक्याची थंडी पडली तर फुलोरा करपतो आणि त्या वर्षी हिल्ला नाहीच. तर हिचं सगळं उलटं, कच्ची असताना लालभडक आणि टणक, पिकली की पिवळी-केशरी आणि मऊ. कच्च्या फळाला खालच्या हिरव्या पाकळ्या घट्ट धरून असतात, पिकायला लागलं की त्या मागे वळतात, आणि मग फळ नुसत्या चिमटीत सुटून येतं. त्या पाकळ्या वळायला लागल्या पण रंग अजून लालच, ती दोन-चार दिवसांची अवस्था म्हणजे गाभुळणंच ना?

रत्नागिरीहून

आता असं सांगितल्यावर मला नाही म्हणता येत नाही. चिंच सोडून इतर कशाला गाभुळणं लावलेलं मला रुचत नाही, पण इथे सुटणं आहे, कच्चेपणा आहे, म्हणजे शब्दाचं काम तेच आहे. मुस्तिक्काला मात्र नका लावू.

पुण्याहून

एक शास्त्रीय टीप, कारण धाग्यात सगळ्यालाच बेरी म्हटलं जातंय. मराठी विश्वकोशात बेरीला मृदुफळ हा शब्द आहे, त्या व्याख्येत मुस्तिक्का बसते, करवंद बसतं, टोमॅटो आणि वांगंसुद्धा बसतं. हिल्ला आणि रासबेरी बसत नाहीत, ती बारक्या बारक्या आठळीवाल्या फळांची मिळून झालेली असतात, प्रत्येक दाण्यात एक आठळी. बोरही आठळीचंच फळ. बोलताना अर्थातच "रानमेवा" हाच शब्द उत्तम, त्यात सगळं येतं.

साताऱ्याहून

आमच्या महाबळेश्वर पट्ट्यात स्ट्रॉबेरीला "रंग धरला" म्हणतात, आणि काढणीला तोडा, पहिला तोडा, दुसरा तोडा असं. तुमच्याकडे सगळी एकदम पिकतात का? आणि काढायला काय शब्द वापरता?

ओउलूहून

एकदम नाही पिकत, त्यामुळे तोडा चालेल. क्रियापदांवर तर आमच्या घरी रोज वाद होतो, फिनिशमध्ये बेरी गोळा करायला जाण्याला एकच क्रियापद आहे, मार्यास्ता, आणि आपल्याकडे फूल खुडायचं, बोरं वेचायची, जांभळं पाडायची, करवंदं तोडायची. मुस्तिक्का हाताने काढली तर मी खुडली म्हणते. पण इथे बरेच जण पोइमुरि वापरतात, पुढे फणीसारखे दात असलेला डबा, झुडपातून वर ओढला की फळं डब्यात आणि पानं बाहेर (थोडी पानं येतातच आत). त्याला लेकीने स्वतःहूनच शब्द लावला, "आई, मी मुस्तिक्का विंचरते". मी तो बदलणार नाही. इथे कुणाच्याही जंगलात जाऊन रानमेवा गोळा करायचा हक्क सगळ्यांना आहे, फक्त कुणाच्या अंगणात शिरायचं नाही, म्हणून ऑगस्टमध्ये विंचरणारे सगळीकडे दिसतात.

पुओलुक्का (लिंगनबेरी) येते सप्टेंबरात, तिला मात्र घोस शब्द चालतो, देठाच्या टोकाला लाल गोळ्यांचा झुबका असतो आणि पानं चकचकीत, बर्फाखालीही हिरवीच. मुस्तिक्काला घोस म्हटलेलं मला चुकीचं वाटतं, ती एकेकटी येते.

नाशिकहून

आणि विषारी काही? लहान मूल आहे म्हणून विचारते.

ओउलूहून

हो ताई, किएलो. फिनलंडचं राष्ट्रीय फूल, छोट्या पांढऱ्या घंटा, वास अप्रतिम, आणि नंतर येणारी लाल फळं अत्यंत विषारी, खरं तर सगळं झाडच. लेकीला "गुंज आहे ती, बघायची, तोंडात नाही" असं सांगितलं. गुंज तिने आजोळी बघितली आहे त्यामुळे लगेच कळलं.

अजून एक विचारते. होर्स्मा नावाचं उंच गुलाबी फूल रस्त्याच्या कडेने येतं, जंगल जळलं की तिथे आधी हेच उगवतं. तुऱ्याला खालून वर फुलं येत जातात, वरची उमलेपर्यंत खालच्या शेंगा उकलून कापूस उडायला लागतो. त्या उडणाऱ्या कापसाला काय?

नागपूरहून

म्हातारी! रुईची उडते तशी. पकडून फुंकर मारायची.

रत्नागिरीहून

आमच्याकडेही म्हातारीच. यात वाद नाही.