मदत हवी आहे : पेटीच्या मंत्राचे मराठी सबटायटल कसे करावे?

रिकामटेकडा
नमस्कार. शनिवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चिनी दंतकथेतल्या माकडराजाचा चित्रपट दाखवायचा आहे आणि त्याची मराठी सबटायटल्स मी करतो आहे. बाकी सगळे झाले, फक्त मंत्रावर घोडे अडले आहे. नायक चांदण्यात काळात मागे नेणारी पेटी उंच धरून तो मंत्र इतक्या वेळा ओरडतो की खाली काहीतरी लिहिणे भागच आहे. ऐकू आले तसे मी ‘बोरे बोलोमी’ लिहिले, तर भाच्याने विचारले, ‘मामा, हा बोरं का मागतोय?’ कृपया लवकर सांगावे.

सांजवेळ
कोणता चित्रपट, ते आपण लिहिलेले नाही. हाँगकाँगचा अभिनेता-दिग्दर्शक स्टीफन चाऊ याने या कथेला एकाहून अधिक वेळा हात घातला आहे. १९९५ च्या दोन भागांत तो स्वतः नायक होता आणि दिग्दर्शन जेफ्री लाऊचे होते. २०१३ च्या चित्रपटात मात्र तो पडद्यावर नाही, डेरेक क्वोकबरोबर दिग्दर्शक आहे. माझे ऐकाल तर २०१३ चाच दाखवा. बडबडगीतांचे पुस्तक घेऊन राक्षसांना सुधारायला निघालेला तो गबाळा तरुण कोणालाही आवडतो. फक्त सुरुवातीचा जलराक्षस लहान मुलांना घाबरवील.

रिकामटेकडा
२०१३ च्या चित्रपटात ही पेटीच नाही! अर्थात १९९५ चाच, पहिला भाग. कोणता दाखवावा, हे मी विचारलेले नाही.

तळटीप
आपल्याकडची प्रत मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, आवाजाची दिसते. हाँगकाँगच्या कॅन्टनीज आवाजात हाच मंत्र साधारण ‘बोये बोलोमत’ असा ऐकू येतो, आणि तसा लिहिला असता तर हिंदी जाणणाऱ्या प्रेक्षकांना नायक सर्वांना गप्प बसवतो आहे असे वाटले असते. मूळ शब्द मात्र आपलाच आहे : प्रज्ञापारमिता, म्हणजे बौद्ध परंपरेतली परिपूर्ण प्रज्ञा. तोच सरळ लिहावा. गंमत अशी, की ज्या भिक्षूच्या प्रवासावरून ही सारी दंतकथा रचली गेली, त्या ह्युएनत्संगानेच ६६० ते ६६३ या काळात महाप्रज्ञापारमिता सूत्राचे ६०० खंडांचे चिनी भाषांतर केले.

अर्धा_कप
तळटीप यांच्याशी मी सहमत नाही. चिनी प्रेक्षकाला हा मंत्र कानाने ओळखीचा आणि अर्थाने धूसर असतो. शिवाय त्याचा उत्तरार्ध उच्चारला की फणसाचे चिनी नावही ऐकू येते. त्या जागी ‘प्रज्ञापारमिता’ लिहिले तर विनोदी चित्रपटात अचानक पाठ्यपुस्तक उघडल्यासारखे होईल. सरळ ‘छू मंतर’ लिहा. बोरांच्या बदल्यात फणस आलाच आहे, तर फार सोवळे पाळू नये.

तळटीप
‘छू मंतर’ जादूगाराचे असते, बौद्ध मंत्राच्या पेटीचे नव्हे. काय भाषांतरित करू नये, याचे पाच नियम ह्युएनत्संगाच्या नावावर सांगितले जातात, आणि त्यांतील एकाचे उदाहरण नेमके ‘प्रज्ञा’ हेच आहे. मूळ ध्वनीला जो मान मिळतो तो अर्थ सांगणाऱ्या चिनी शब्दाला मिळत नाही, म्हणून ध्वनीच ठेवावा, असे त्याचे कारण आहे.

अर्धा_कप
मग त्याच नियमाने चिनी ध्वनी ठेवायला काय हरकत आहे? आपण स्वतःच्याच पुराव्यावर पाय देत आहात.

नाणेघाट
ह्युएनत्संगाचा विषय निघाला म्हणून सांगतो. तो दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात आला होता, आणि येथील लोक उपकार स्मरणारे पण अपमानाचा सूड घेतल्याशिवाय न राहणारे आहेत, अशी नोंद त्याने केली आहे. चित्रपटात मात्र त्याला असा बडबड्या दाखवला आहे की पहारेकरी राक्षसही वैतागून स्वतःचा जीव देतो. त्याची सबटायटल्स कीर्तनकाराच्या थाटात करावीत, असे सुचवतो.

रिकामटेकडा
भिक्षूची ती बडबड दुसऱ्या भागात आहे आणि मी पहिला दाखवतो आहे. मंत्राचे सांगा.

सांजवेळ
आपला नेमका प्रसंग शेवटचा आहे ना? प्रेयसीने गळ्यावर तलवार फिरवून घेतली आहे, नायक काही क्षण मागे जातो, धावत पोहोचतो आणि दर वेळी थोडक्यात उशीर होतो. शेवटी पेटी त्याला पाचशे वर्षे मागे फेकते. तेथे मंत्र वाचायला प्रेक्षकाला वेळच नसतो. पहिल्या वेळी ‘प्रज्ञापारमिता!’ लिहावे आणि पुढच्या वेळी जागा कोरी ठेवावी. अक्षरेही सहाच होतात, मुळातल्या पाचांच्या जवळपास.

रिकामटेकडा
आभारी आहे. तसे करून आत्ताच भाच्याला दाखवले. त्याने विचारले, ‘मामा, प्रज्ञा म्हणजे ती मेलेली मुलगी का?’ त्याच्या वर्गात दोन प्रज्ञा आहेत. आता काय करू?

सांजवेळ
काही करू नका. धावतो आहे तिच्यासाठीच.