सूड घेतलात? घ्यायचा राहून गेला? तुमचे अनुभव लिहा

सुरुवात माझ्यापासून करते. दुसऱ्यांना मन मोकळं करायला सांगून स्वतः गप्प बसणं बरं नाही.

एका सहकाऱ्याने माझं आठ महिन्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवलं. वर्षभराने, सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी, त्याच्या अहवालात मला एक ढोबळ चूक दिसली. एका तक्त्यात तीच रक्कम दोनदा धरली होती. मी फाईल मिटली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांसमोर तोंडघशी पडला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण ते काम बंद झालं तेव्हा त्याच्या हाताखालच्या दोन मुलीही घरी बसल्या. त्यांनी माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. नेम एकावर धरला होता, छर्रे भलतीकडे गेले.

'डोळ्याला डोळा' आपण क्रौर्याचं उदाहरण म्हणून देतो. पण सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात ते कोरलं गेलं, तेव्हा तो एक लगामही होता असं बरेच अभ्यासक मानतात: एका डोळ्याबद्दल एकच डोळा, त्याहून जास्त नाही. (तोही वरच्या दर्जाच्या माणसांपुरता. सामान्य माणसाचा डोळा फोडला तर चांदी मोजून सुटका.) सुडाला असं माप लावता येतं का? आणि माप पाळलं तर तो योग्य ठरतो का? नाव न देता लिहिलंत तरी चालेल.

*

माप राहत नाही, ताई. आम्ही दोघे भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हतो. वडिलांच्या आजारपणात मी उशिरा पोचलो, म्हणून तो माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही. म्हणून मी त्याला जामीन राहिलो नाही. म्हणून त्याने वडिलांची सगळी पत्रं स्वतःकडे ठेवून घेतली. दर वेळी दोघांनाही अगदी प्रामाणिकपणे वाटायचं की आपण फक्त फेड करतोय.

2003 साली लंडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. दोघांनी आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब द्यायचा, समोरच्याने दिला तेवढाच. काही फेऱ्यांतच दाब वाढत गेला, दर वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. दोघंही म्हणत होते, मी तेवढाच दिला. आपण दिलेला दाब आपल्याला कमी जाणवतो, सोसलेला पुरेपूर जाणवतो. हे वाचलं त्या रात्री मी भावाला फोन लावला. त्याने उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला.

*

शाळेत एक मुलगा माझं डोकं नळाखाली धरायचा. पुढे निवड समितीत बसलो असताना तोच उमेदवार म्हणून समोर आला. बोलताना बोटं मोडायची सवय तशीच होती, आणि माझी नजर त्या हातांवरून हलेना. मी त्याला मुद्दाम कमी गुण दिले. त्याची निवड झाली नाही.

त्याने मला ओळखलंच नव्हतं. त्याला शिक्षा मिळाली, पण कशाची ते कळलं नाही. मला खरं तर त्याच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं: हो, मी तसं वागलो होतो. ते ऐकण्याची वाट मी माझ्याच हाताने बंद केली. शिवाय ती खुर्ची मला माझे हिशेब चुकते करायला दिलेली नव्हती. हे मी चूक म्हणूनच लिहितोय.

*

सगळंच सूड नसतं, हे कुणीतरी सांगायला हवं. नवऱ्याने मला काय केलं ते मी तक्रारीत लिहून दिलं, तर नातेवाईक म्हणाले, सूड उगवतेस. मी त्याला दुखवायला गेले नव्हते. पुढच्या बाईला तरी कळावं म्हणून गेले होते. दुबळ्याने तोंड उघडलं की त्याला सूड म्हणतात. मला ते मान्य नाही.

*

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसाने माझ्या मुलाला मारलं. लोक मला द्रौपदीची गोष्ट ऐकवतात. अश्वत्थाम्याने तिची पाच मुलं रात्री झोपेत मारली, आणि भागवतात ती म्हणते, सोडा त्याला, त्याची आई माझ्यासारखी रडू नये. पण महाभारताच्या सौप्तिकपर्वात तीच द्रौपदी अन्नपाणी सोडून बसते: अश्वत्थामा मारला जाईपर्यंत उठणार नाही. शेवटी त्याच्या डोक्यावरचा मणी आणून दिल्यावर उठते. ही दुसरी द्रौपदी कुणीच मला ऐकवत नाही. मी दोघींनाही ओळखते. सकाळी एक असते, रात्री दुसरी. मी त्या माणसाच्या केसालाही धक्का लावलेला नाही, लावणारही नाही. पण माझ्या वतीने त्याला क्षमा करायचा हक्क कुणाला दिलेला नाही.

*

वरचं वाचून लिहायचं धाडस करतेय.

सासूबाईंनी मला वीस वर्षं घालूनपाडून बोलून पार झिजवलं. मग त्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. उशाशी एक छोटी पितळी घंटा ठेवली होती. ती वाजली की मी मनात तीसपर्यंत मोजायची आणि मग उठायची. एवढाच माझा सूड. कुणाला दिसत नव्हता. पाणी मिळायचं, औषध मिळायचं, फक्त तीस आकडे उशिरा. त्या तीस आकड्यांत मला किती बरं वाटायचं, ते लिहितानाही अंगावर काटा येतो.

एके दुपारी त्यांची कूस बदलत होते. डोळे मिटलेलेच होते. म्हणाल्या, "मोजतेस ना गं?"

मी काही बोलले नाही. चादर सारखी करत राहिले. त्याच पुढे म्हणाल्या, "मीही मोजायचे. माझ्या सासूच्या वेळी."

त्या दिवसापासून मोजणं थांबलं असं लिहायला मला आवडलं असतं. थांबलं नाही. कमी होत गेलं. शेवटच्या महिन्यात तीनवर आलं होतं.