घरच्या बागेतली फुलं फुलदाणीत लावायची की झाडावरच राहू द्यायची?

परसबाग_नाशिक
थेट मुद्द्यावर येते. हल्ली कुणाकडेही गेलं की हॉलमध्ये टीपॉयवर प्लास्टिकची ऑर्किड नाहीतर कुठल्याशा बुकेतून काढून ठेवलेले जर्बेरा असतात आणि त्याच घराच्या अंगणात नाहीतर टेरेसवर गुलाब, झिनिया, शेवंती, सोनटक्का नुसता बहरून आलेला असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आपली फुलं टिकत नाहीत हो". मला हे अजिबात पटत नाही. फूल किती दिवस टिकतं हा दुकानदाराचा प्रश्न आहे, आपला नाही. त्याला माल दोनशे किलोमीटरवर पाठवायचा असतो, आपल्याला तर बागेतून हॉलपर्यंतच जायचंय.

आणि सगळी फुलं टिकत नाहीत हेही खोटं. शेवंती पाणी बदलत राहिलं तर दोन आठवडे सहज राहते. झिनिया आठवडाभर. ग्लॅडिओलसच्या दांडीला खालच्या दोनतीन कळ्यांना रंग दिसला की कापायची, बाकीच्या घरात एकेक उमलत जातात, गुलछडीही खालून वर अशीच उमलते, सुकलेली फुलं खुडत राहायची. सोनटक्क्याच्या दांडीवरचं एकेक फूल जेमतेम दिवसभराचं पण मागच्या कळ्या असतातच, आणि संध्याकाळी त्या उमलायला लागल्या की अख्ख्या घराला वास. असा वास विकतच्या कुठल्या फुलाला येतो सांगा.

झिनियाची एक खूण सांगते, फुलाखाली वीतभर अंतरावर दांडी धरून हलवून बघायची, मान लवली तर अजून कच्चं आहे, ताठ राहिली तर कापा. झिनिया आणि डेलिया कळी असताना कापून उपयोग नाही, ती पाण्यात उमलत नाहीत. गुलाबाचं उलटं, कळीभोवतीच्या हिरव्या पाकळ्या खाली वळायला लागल्या की लगेच.

माझं मत, घरच्या फुलांनी घर सजवावं, रोज थोडं. तुम्ही काय म्हणता?

रानवारा
ताई, तुमचा उत्साह पोचला पण मी पूर्ण विरोधात आहे. फूल झाडावर का येतं? आपला हॉल सजवायला नाही येत. आमच्याकडे जास्वंदावर रोज सकाळी शिंजीर येतो, झिनियावर लिंबाची फुलपाखरं, तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या, हे सगळं खिडकीतून दिसतं. तीच फुलं तोडून काचेच्या बाटलीत घातली की फक्त माणसांनी बघायची. शहरात आधीच फुलझाडं कमी, सोसायट्यांमध्ये नुसती लॉन आणि पाम, आणि जी चार फुलं आहेत ती पण आपण घरात न्यायची?

शिवाय झाडावर तेच फूल जास्त दिवस राहतं. कापलं की त्याचं अन्नपाणी तुटलं, पुढे तुम्ही कितीही पाणी बदला, ते मरणाकडेच चाललेलं असतं. बागेत खुर्ची टाका आणि बघा की.

परसबाग_नाशिक
रानवारा, तुमचं पक्ष्यांचं म्हणणं मनापासून मान्य, पण झाडाचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. झिनिया, कॉसमॉस, झेंडू ही हंगामी झाडं बी धरण्यासाठी फुलतात, एकदा बी धरलं की झाडाचं काम संपलं, मग फुलं कमी होत जातात. फूल कापलं की ते पुन्हा फांदी फोडतं, पुन्हा कळ्या. पानांच्या जोडीच्या जरा वर कापा, तिथून दोन फांद्या निघतात. म्हणजे जो कापतो त्याच्याकडे फुलं जास्त येतात, आणि तुमच्या फुलपाखरांनाही जास्त. हे करून बघितल्याशिवाय पटत नाही म्हणून सांगते, एका वाफ्यात अर्धी झाडं कापत जा आणि अर्ध्यांना हात लावू नका.

पेठकर
मला मूळ कल्पनाच पटलेली नाही. आपल्याकडे फूल देवाला नाहीतर केसात. फुलदाणी हा साहेबी घरातला प्रकार, बंगल्यांमधून आपल्याकडे आला. आमच्या घरी सकाळी परडी भरून फुलं यायची, तगर, जास्वंद, कण्हेर, पारिजात, आणि वास घेतलेलं फूलसुद्धा देवाला चालायचं नाही. त्या फुलाला एक मान होता. आता तेच टीव्हीशेजारी ठेवायचं, त्यावर धूळ बसणार, पाण्याला वास मारणार आणि शेवटी ओल्या कचऱ्यात. देवाच्या फुलाचं निदान निर्माल्य होतं.

आणि एक राहिलं, संध्याकाळी दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. हल्ली ऑफिसमधून येऊन मोबाईलच्या उजेडात फुलं तोडणारे बघितलेत मी.

फूलशेती_मावळ
मी पॉलिहाऊसवाला आहे, जरा आमचीही बाजू ऐका. ताईंनी "टिकणं हा दुकानदाराचा प्रश्न" असं लिहिलं ते मला लागलं. टिकाऊपणा आपोआप येत नाही हो. आम्ही पहाटे कापतो, कापल्याबरोबर दांडी पाण्यात, मग कोल्ड स्टोअरेजला, तिथं साधारण 2 ते 4 अंश. त्यानंतर ग्रेडिंग, पॅकिंग, आणि व्हॅलेंटाईनच्या आधी तर रात्रंदिवस काम. तळेगाव, मावळ पट्ट्यातली कितीतरी घरं यावर चालतात.

विकतच्या गुलाबाला वास नाही ही तक्रार खरी आहे, लांब दांडी आणि टिकाऊपणा बघून जाती निवडल्या गेल्या त्यात वास मागे पडला. पण लग्नाच्या हॉलला तुमच्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या मुहूर्तापर्यंत गळून पडतील.

माझा खरा विरोध दुसऱ्या गोष्टीला आहे. फोटोत बघितलं म्हणून लोक घरच्या गुलाबाची हातभर दांडी कापतात. कुंडीतल्या झाडाला किती पानं असतात? लांब दांडीबरोबर तीही गेली की झाड अन्न कशानं बनवणार? एकदोन वर्षांच्या झाडाचे असे हाल करू नका. लांब दांडीचा गुलाब आमच्याकडून घ्या, त्यासाठीच आम्ही तो वाढवतो. आणि खरं भांडण करायचंच असेल तर प्लास्टिकच्या फुलांशी करा, त्यांनी आमचं मार्केट खाल्लंय. त्यावर बंदी घाला म्हणून फूल उत्पादक कधीपासून ओरडतायत.

परसबाग_नाशिक
दादा, तुमच्या मेहनतीबद्दल शंका नाहीच. पण तुम्ही जे म्हणता त्यातूनच माझा मुद्दा निघतो. लोक घरची फुलं घेऊन विकतच्या फुलांसारखी सजावट करायला जातात आणि मग ती जमत नाही. उंच काचेच्या फुलदाणीत आपली फुलं बसणारच नाहीत कारण आपल्या बहुतेक फुलांना दांडीच नसते. मोगरा, अनंत, सोनचाफा, तगर, जास्वंद, कशाला आहे लांब देठ? मग भांडं बदला. लोणच्याची छोटी बरणी, शाईची जुनी बाटली, पितळी तांब्या. गुलाब बोटभर देठासकट कापा, पाच छोट्या पानांचं मिळून जे एक पान असतं त्याच्या जरा वर, म्हणजे झाडाचं काही बिघडत नाही.

पेठकर काका, तुमच्यासाठी घंगाळ आहे की. पाणी भरून त्यात फुलं तरंगत ठेवणं हे काही साहेबानं शिकवलेलं नाही. उन्हाळ्यात माठात मोगरा टाकायचे तो पण घरात फूल ठेवण्याचाच प्रकार. सोनचाफा बाटलीत पाण्यात बुडवून कितीतरी दिवस ठेवायचे. आणि कोकणात तेरड्याची गौर घरात आणून सजवतात ती काय वेगळी? तुमच्या पूजेला निशिगंध आणि झेंडू चालतात ना, ती दोन्ही मूळची मेक्सिकोची. झाडं बाहेरून आली ती आपली झाली, मग फुलदाणीनंच काय घोडं मारलंय?

पेठकर
तेरडा सणाचा आहे, रोजचा नाही. फरक आहे.

अबोली_ठाणे
इथं सगळे सौंदर्यावर बोलतायत, मी डासांवर बोलते. आमच्या बिल्डिंगमध्ये डेंग्यू झाला तेव्हा तपासणीला आलेल्या लोकांनी सगळ्यात आधी फुलदाण्या आणि मनीप्लांटच्या बाटल्याच बघितल्या. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात, परत पाणी भरलं की फुटतात. त्यामुळे ताईंचं घंगाळ ऐकून मला पावसाळ्यात तरी भीतीच वाटते. ज्यांना रोज घासायला वेळ आहे त्यांनी करावं, नोकरी करणाऱ्यांनी हे लोढणं गळ्यात घेऊ नये.

फूलशेती_मावळ
अबोलीताई बरोबर बोलल्या, आणि भांडं घासल्यानं फूलही टिकतं. कापलेलं फूल मरतं ते बऱ्याचदा तहानेनं, पाण्यात उभं असून. दांडीच्या नळ्यांमध्ये हवा शिरते नाहीतर पाण्यातले जंतू वाढून नळ्या बुजतात. म्हणून भांडं स्वच्छ, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, ती कुजतात तिथंच जंतू वाढतात. दांडी धारदार कात्रीनं तिरकी कापा आणि दोन दिवसांनी परत थोडी कापा. नुसती साखर घालू नका, सगळे घालतात, साखर फुलाला लागते हे खरं पण तेवढीच जंतूंनाही लागते. फुलांसाठी पाण्यात घालायची आमची जी पुडी असते तिच्यात साखरेबरोबर आम्ल आणि जंतुनाशक असतं म्हणून ती चालते.

अजून एक, फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या केळ्या-आंब्यातून इथिलीन वायू निघतो, त्यानं फुलं लवकर कोमेजतात. डायनिंग टेबलावर दोन्ही शेजारी असतात आणि दोष फुलाला देतात.

मांजरवेडी
ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी लिली घरात आणूच नका, प्लीज. पान, फूल, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडनीवर जातं, पराग अंगावर पडला आणि तिनं अंग चाटलं तरी पुरे. आणि काकांनी कण्हेर लिहिलीय म्हणून सांगते, ती माणसालाही विषारी आहे. लहान मुलांच्या हाताला येईल अशी कण्हेर घरात ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

मिशिगनवाली
रानवारा, तुमचा "झाडावरच राहू द्या" हा नियम आमच्याकडे लागूच पडत नाही. इथं डेलिया ऑगस्टपासून पेटतो आणि ऑक्टोबरात एका रात्री फ्रॉस्ट, म्हणजे गोठवणारं दव, पडला की सकाळी अख्खं झाड काळं. त्यामुळे फोरकास्ट बघून आदल्या संध्याकाळी सगळी फुलं कापून आत आणतो, बादल्या भरतात, शेजाऱ्यांना वाटतो. पिओनीचं पण तसंच, जूनच्या आसपास दोनतीन आठवडे असते आणि नेमका पाऊस आला की ती जड फुलं मातीत लोळतात. कळी बोटानं दाबून मऊ लागली की कापायची, मग घरात छान उमलते. हायड्रेंजा कोमेजला तर अख्खं फूल पाण्यात बुडवून ठेवा, तो पाकळ्यांमधूनही पाणी घेतो, बहुतेक वेळा परत ताठ होतो.

मराठी मंडळाच्या गणपतीला इथं तगर-जास्वंद कुठून आणणार, बागेतल्या झिनिया आणि डेलियानंच आरास होते आणि ती दुकानातल्या बुकेपेक्षा मला जास्त जवळची वाटते.

रानवारा
फ्रॉस्टचं मान्य, तिथं मीही कापेन. झिनिया कापल्यावर जास्त येतात हेही मान्य करतो, हंगामी फुलांपुरतं. पण नियम सगळ्यांना सारखा लावू नका. जास्वंद कापून मिळतं काय? सकाळी उमललं की संध्याकाळी मिटणार, पाण्यात ठेवा नाहीतर ताटलीत ठेवा, त्याला फरक पडत नाही. मग निदान दिवसभर त्या पक्ष्याला तरी मिळू दे. आणि बाल्कनीत दोन कुंड्या असलेल्या माणसानं तर अजिबात कापू नये, त्याच्याकडे आलेलं एकुलतं एक फूल हीच त्याची बाग असते.

परसबाग_नाशिक
दोन कुंड्यांचं मात्र मी उलटं म्हणेन. बाल्कनीतलं फूल रेलिंगच्या बाहेर तोंड करून उमलतं, उजेडाकडे. घरातल्यांना दिसतो देठ आणि पानं, फूल बघतात ती समोरची बिल्डिंग. आमच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे गच्चीवर चढता येत नाही, त्यांच्या पलंगाशेजारी औषधांच्या ट्रेमध्ये एका छोट्या बाटलीत रोज काहीतरी असतं, कधी गुलाब, कधी अबोलीचा तुरा, काहीच नसेल तर कढीपत्त्याची फुलं. त्यांना बाग तेवढीच मिळते. तुम्ही खुर्ची टाकून बघा म्हणालात, पण ज्याला खुर्चीपर्यंत जाता येत नाही त्याच्यासाठी कापायचं की नाही?

जास्वंदाचं तुमचं पटलं, ते मीही कापत नाही.

अबोली_ठाणे
औषधाच्या बाटलीएवढं भांडं असेल तर माझा विरोध नाही. रोज सकाळी बदलायला काय लागतं तेवढं. माझा राग मोठ्या काचेच्या फुलदाण्यांवर आणि त्यात तळाशी घातलेल्या रंगीत जेलच्या गोळ्यांवर आहे, ते कुणी घासत नाही.

पेठकर
आजारी माणसाच्या उशाशी ठेवा, त्याला माझी ना नाही. पण आधी देवाला दोन काढून ठेवा आणि मग बाकीची कुठेही लावा. आणि पहाटे काढा. फूलशेतीवाले दादा, पहाटेचं कारण तुम्हीच सांगा म्हणजे या मंडळींना पटेल.

फूलशेती_मावळ
काका, रात्रभर झाड पाणी ओढून भरलेलं असतं म्हणून पहाटेचं फूल ताठ. संध्याकाळी कापलं तर दांडीत साखर जास्त असते त्यामुळे तो प्रकारही काही ठिकाणी करतात, पण आपल्याकडच्या उन्हात दिवसभर तापून झाड मलूल झालेलं असतं, नवख्या माणसानं पहाटच धरावी. दुपारी बारा ते चार मात्र कात्री हातातच घेऊ नका. कापायला जाताना बादली बरोबर न्या, दांडी लगेच पाण्यात गेली पाहिजे, हातात गठ्ठा धरून बागभर फिरू नका.